लोकमान्य टिळक आणि अब्रुनुकसानीचा कायदा

बाळ गंगाधर टिळक (२३ जुलै १८५६, रत्नागिरी - १ ऑगस्ट १९२०, मुंबई) हे भारतीय स्वातंत्र्य चळवळीतील अग्रणी नेते, संपादक, गणितज्ञ आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक होते. राजद्रोहाच्या खटल्यांमुळे त्यांचे नाव न्यायालयीन इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. अब्रुनुकसानीच्या कायद्याशी त्यांचा आलेला संबंध मात्र त्या मानाने कमी चर्चिला जातो. हा संबंध त्यांच्या सार्वजनिक आयुष्याच्या दोन्ही टोकांना आहे. वयाच्या २६ व्या वर्षी ते अब्रुनुकसानीचे आरोपी म्हणून तुरुंगात गेले आणि ६३ व्या वर्षी त्याच कायद्याखाली वादी म्हणून लंडनच्या न्यायालयात उभे राहिले. दोन्ही वेळा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. मधल्या काळातील ताई महाराज प्रकरणात त्यांच्या प्रामाणिकपणावरच आघात झाला. ते प्रकरण पुणे, औरंगाबाद, कोल्हापूर आणि लंडन अशा चार ठिकाणी पसरले होते आणि त्यातून न्यायालयांच्या अधिकारक्षेत्राचे प्रश्नही उभे राहिले.

कायद्याचे शिक्षण

टिळकांचे वडील गंगाधरपंत हे शिक्षक होते व पुढे शिक्षण खात्यात अधिकारी झाले. कुटुंब १८६६ मध्ये पुण्यास आले. १८७२ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि त्याच वर्षी टिळक मॅट्रिक झाले. डेक्कन कॉलेजातून गणित विषय घेऊन बी.ए. झाल्यावर त्यांनी एम.ए.चा प्रयत्न केला, परंतु त्यात यश आले नाही. १८७९ मध्ये त्यांनी एल्एल.बी. पदवी मिळविली. हा अभ्यास त्यांनी केवळ परीक्षेपुरता केला नाही. मनुस्मृती, याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीका, व्यवहारमयूख इत्यादी ग्रंथ त्यांनी मूळ संस्कृतातून वाचले. दत्तकविधानासंबंधीचे हे ज्ञान पुढे वीस वर्षांनी त्यांना स्वतःच्याच बचावासाठी वापरावे लागले.

सनद मिळण्याजोगी पदवी असूनही त्यांनी वकिली केली नाही. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली आणि १८८१ च्या जानेवारीत केसरी व मराठा ही पत्रे सुरू झाली. केसरीच्या संपादनाची जबाबदारी प्रामुख्याने गोपाळ गणेश आगरकर यांच्याकडे, तर इंग्रजी मराठाची टिळकांकडे होती.

१८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर टिळकांना उदरनिर्वाहाचा प्रश्न पडला. त्यांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षेस बसणाऱ्यांसाठी कायद्याचा खासगी वर्ग चालविला. त्याच सुमारास म्हणजे १८९१ मध्ये मित्रांच्या भागीदारीत लातूर येथे कापसातील सरकी काढण्याचा कारखाना सुरू केला. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या भाषेत मोगलाईत होते. टिळकांच्या चरित्रांत या कारखान्याचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात उरकलेला असतो. मात्र केसरी अद्याप कर्जात असताना संपादकाच्या घरखर्चाचा एक आधार मराठवाड्यातील कापूस होता, हे नोंदविण्याजोगे आहे.

कोल्हापूर प्रकरण (१८८२)

केसरी व मराठा ही पत्रे सुरू होऊन वर्षही उलटले नव्हते, तोच कोल्हापूर प्रकरण उद्भवले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजी महाराज (चौथे) यांच्या मनःस्वास्थ्याविषयी निरनिराळ्या वार्ता पसरल्या होत्या. महाराजांचा छळ होत असून त्यामागे संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव वासुदेव बर्वे यांचा हात आहे, असा समज महाराष्ट्रात सर्वत्र झाला होता. दोन्ही पत्रांनी या समजाला वाचा फोडली. बर्वे यांनी लिहिली असल्याचे सांगण्यात आलेली काही पत्रे संपादकांच्या हाती आली आणि त्यांच्या आधारे लेख प्रसिद्ध झाले. बर्वे यांनी फौजदारी फिर्याद दाखल केली. चौकशीत ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले.

येथे कायद्याची स्थिती समजून घेणे आवश्यक आहे. अब्रुनुकसानीचे दोन मार्ग आहेत. एक फौजदारी, ज्याची व्याख्या भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४९९ मध्ये होती आणि ज्यासाठी दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा सांगितली होती. दुसरा दिवाणी, ज्यात ही कृती अपकृत्य मानली जाते आणि वादी नुकसानभरपाई मागतो. अपकृत्यांचा कायदा भारतात कधीच संहिताबद्ध झाला नाही. इंग्लंडचे विधिपंडित सर फ्रेडरिक पोलॉक यांनी भारत सरकारसाठी दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा १८८६ च्या सुमारास तयार केला होता, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. त्यामुळे न्यायालये इंग्लंडमधील निवाड्यांच्या तत्त्वांवरच चालत राहिली. दोन्ही मार्गांतील महत्त्वाचा भेद सत्याविषयी आहे. दिवाणी दाव्यात मजकूर खरा असल्याचे सिद्ध झाले की प्रतिवादी सुटतो. फौजदारी खटल्यात मजकूर खरा असून भागत नाही, तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. अथवा पुरेशी काळजी घेऊन सद्भावनेने लिहिल्याचे सिद्ध करावे लागते.

टिळक आणि आगरकर यांच्याजवळ सत्याचा आधार राहिला नव्हता आणि पुरेशी काळजी घेतल्याचेही दाखविता येत नव्हते. दुसऱ्याने दिलेला मजकूर केवळ छापला, हा बचाव कायद्यात बसत नाही. जो छापतो तोही जबाबदार असतो. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. काही दिवसांची सूट मिळून मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून २६ ऑक्टोबर रोजी त्यांची सुटका झाली. या १०१ दिवसांवर आगरकरांनी लिहिलेले पुस्तक मराठीतील तुरुंगवासाच्या आरंभीच्या आठवणींपैकी एक आहे.

या खटल्यात समाजाच्या निरनिराळ्या थरांतून मदत झाली. महात्मा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. फुले आणि हे दोन तरुण संपादक यांच्यातील वैचारिक अंतर पाहता ही घटना आवर्जून सांगितली जाते. विद्यार्थ्यांनी नाट्यप्रयोग करून निधी जमविला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील अशा एका प्रयोगात गोपाळ कृष्ण गोखले यांनीही भूमिका केली होती.

संपादकांचा हेतू निर्मळ होता, याबद्दल त्यांच्या टीकाकारांनाही फारशी शंका नव्हती. तरीही पुराव्याची खातरजमा न करता एका व्यक्तीवर गंभीर आरोप छापला गेला होता. बर्वे यांच्या बाजूने पाहिले, तर त्यांना न्यायालयात जाण्यावाचून पर्याय नव्हता. टिळकांच्या पुढील लेखनात कागदपत्रांविषयी जी कमालीची सावधगिरी दिसते, तिचे मूळ बहुधा डोंगरीत असावे. दुसरीकडे, महाराजांविषयीची लोकांची काळजी निराधार नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगर येथे नजरकैदेत असताना एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला.

पहिला राजद्रोह खटला आणि ग्लोब प्रकरण

२२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर केसरीतील मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. न्या. बद्रुद्दिन तय्यबजी यांनी त्यांना जामीन मंजूर केला. न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे झालेल्या खटल्यात सहा युरोपियन ज्यूरर विरुद्ध आणि तीन भारतीय ज्यूरर बाजूने अशी विभागणी होऊन १४ सप्टेंबर रोजी दीड वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. एक वर्षाने, सप्टेंबर १८९८ मध्ये, त्यांची मुक्तता झाली.

सुटकेनंतरचे एक प्रकरण तुलनेने अपरिचित आहे. रँड यांच्या खुनामागे टिळकांचा हात असल्याचे सुचविणारा मजकूर लंडनच्या ग्लोब या पत्राने छापला आणि टाइम्स ऑफ इंडियाने तो उद्धृत केला. टिळकांनी कायदेशीर कारवाई आरंभली. टाइम्स ऑफ इंडियाने माफी मागितली. त्यानंतर लंडनमध्ये कारवाई होताच ग्लोबनेही माफी मागितली. कोल्हापूर प्रकरणात लागू झालेला नियमच, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर पुन्हा छापणाराही जबाबदार असतो, या वेळी त्यांच्या उपयोगी पडला. लंडनच्या पत्राविरुद्ध लंडनमध्येच दाद मागता येते आणि ती मिळतेही, हा अनुभव त्यांच्या मनात राहिला असल्यास नवल नाही.

ताई महाराज प्रकरण (१९०१-१९१५)

पुण्यातील सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज हे टिळकांचे स्नेही होते. ७ ऑगस्ट १८९७ रोजी, टिळक जामिनावर सुटलेले असताना, पटकीने त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी टिळक, दादासाहेब खापर्डे आदींना विश्वस्त नेमले होते. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज त्या वेळी गरोदर होत्या. झालेला मुलगा थोड्याच काळात दगावला आणि दत्तक घेण्याचा प्रश्न आला.

जून १९०१ मध्ये विश्वस्त आणि ताई महाराज औरंगाबादेस गेले. त्या भागातील निधोने येथे पंडित घराण्याची एक शाखा होती. तेथील जगन्नाथ या लहान मुलाची निवड होऊन औरंगाबाद येथे दत्तकविधान झाले. पुण्यास परतल्यावर मात्र ताई महाराजांचे मत पालटले. विश्वस्तांपैकी नागपूरकर आणि कोल्हापूरकडील नातलग यांच्या सल्ल्याने त्यांनी औरंगाबादचे दत्तकविधान नाकारले आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घेतले.

अडचण अशी होती की, ज्या घटनेवर सर्व काही अवलंबून होते ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या न्यायक्षेत्राबाहेर घडली होती. औरंगाबाद निजामाच्या राज्यात, दुसऱ्या पक्षाचे पाठीराखे कोल्हापूर संस्थानात आणि खटला पुण्यात. मुलाचे देणे-घेणे प्रत्यक्ष झाले किंवा नाही, एवढाच मुख्य प्रश्न होता. त्याचे उत्तर समारंभास हजर असलेल्यांच्या साक्षींतूनच मिळणार होते.

जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी १९०२ मध्ये विश्वस्तांचे प्रोबेट रद्द केले. एवढ्यावर न थांबता त्यांनी टिळकांवर खोटी साक्ष व इतर गुन्ह्यांसाठी खटला भरण्याचा मार्ग मोकळा केला. मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी ऑगस्ट १९०३ मध्ये टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि दंड अशी शिक्षा दिली. सत्र न्यायाधीश ल्यूकस यांनी ती सहा महिन्यांवर आणली, पण दोषमुक्त केले नाही. टिळकांना हातकड्या घालून येरवड्यास नेण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स आणि न्या. बॅटी यांनी मार्च १९०४ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता केली. ताई महाराजांचे त्याआधीच निधन झाले होते.

दिवाणी दावा चालूच राहिला. पुण्याच्या न्यायालयाने १९०६ मध्ये जगन्नाथ यांचे दत्तकविधान वैध ठरविले. १९१० मध्ये न्या. नारायण गणेश चंदावरकर आणि न्या. हीटन यांच्या खंडपीठाने हा निर्णय उलटविला. त्यांच्या निकालपत्रात टिळक व खापर्डे यांच्या साक्षी अविश्वसनीय ठरविण्यात आल्या. टिळक त्या वेळी मंडाले येथे शिक्षा भोगत होते. राजद्रोहाच्या शिक्षेने त्यांची प्रतिष्ठा वाढली होती. मृत मित्राच्या विधवेच्या संपत्तीबाबत खोटी साक्ष देणारा विश्वस्त, हा ठपका मात्र वेगळ्या जातीचा होता आणि त्यांच्या राजकीय विरोधकांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला.

२६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून औरंगाबादचे दत्तकविधान मान्य केले. लॉर्ड शॉ यांनी दिलेल्या या निर्णयात एक तत्त्व स्पष्ट झाले. साक्षीदार खोटे बोलत आहे असे म्हणावयाचे असेल, तर त्याचे आधीचे विसंगत विधान उलटतपासणीत त्याच्यापुढे ठेवून स्पष्टीकरणाची संधी द्यावी लागते. ती न देता निकालपत्रात त्याला लबाड ठरविता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १४५ च्या संदर्भात बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित हा निवाडा भारतीय न्यायालयांत अद्याप उद्धृत होतो. कोल्हापूर संस्थानातील मालमत्तेवर मात्र ब्रिटिश न्यायालयांचा हुकूम थेट चालत नव्हता आणि तेथील वाद पुढेही रेंगाळत राहिला.

मंडाले आणि त्यानंतर

१९०८ च्या राजद्रोह खटल्यात टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. त्यांचे भाषण एकूण २१ तासांहून अधिक चालले. न्या. दिनशा दावर यांनी, ज्यांनी १८९७ मध्ये वकील म्हणून त्यांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता, २२ जुलै रोजी सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा दिली. टिळक जून १९१४ मध्ये परतले. १९१६ मध्ये चांगल्या वर्तणुकीसाठी मागण्यात आलेला २० हजार रुपयांचा जातमुचलका उच्च न्यायालयाने रद्द केला. त्या वेळी त्यांची बाजू बॅ. महंमद अली जीना यांनी मांडली होती.

टिळक विरुद्ध चिरोल (१९१५-१९१९)

लंडनच्या टाइम्स पत्राचे परराष्ट्र विभागाचे प्रमुख सर व्हॅलेंटाइन चिरोल यांचे इंडियन अनरेस्ट हे पुस्तक १९१० मध्ये मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. भारतातील असंतोषाचा उगम टिळकांमध्ये असल्याचे त्यात म्हटले होते. टिळकांना मिळालेली असंतोषाचे जनक ही ओळख याच पुस्तकातून आली. बदनामीसाठी योजलेले शब्द बिरुद म्हणून मिरविले जाण्याचे हे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल. टिळकांची तक्रार या वर्णनाबद्दल नव्हती. गोरक्षण व आखाड्यांच्या नावाखाली चाललेले उद्योग, दमदाटीने पैसा उकळणे, ताई महाराज प्रकरणातील वर्तन, रँड यांचा खून आणि नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून यांच्याशी आपला संबंध जोडणाऱ्या मजकुरावर त्यांचा आक्षेप होता.

प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने ताई महाराज प्रकरणातील ठपका पुसला जाताच, १९१५ मध्येच, टिळकांनी चिरोल व प्रकाशक यांच्याविरुद्ध लंडनमध्ये दावा दाखल केला. लंडनच का, याची चर्चा तेव्हापासून होत आली आहे. प्रतिवादी तेथे राहत होते आणि पुस्तक तेथे छापले गेले होते, हे उघड कारण. हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकारीवर्गाच्या प्रभावाबाहेर असलेली इंग्रज ज्यूरी निःपक्षपाती राहील, अशी टिळकांची अपेक्षा होती. मुदतीचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. भारतीय मुदतीच्या कायद्यानुसार छापील बदनामीच्या भरपाईसाठी प्रसिद्धीपासून अवघे एक वर्ष मिळत असे आणि ते वर्ष मंडालेत सरले होते. इंग्लंडमध्ये तीच मुदत सहा वर्षांची होती. शिवाय विलायतेस जाऊन स्वराज्याची बाजू तेथील जनतेपुढे मांडण्याची संधीही या निमित्ताने मिळणार होती.

महायुद्धामुळे काम लांबले. भारतातील साक्षी कमिशनमार्फत घेण्यात आल्या. १९१८ च्या वसंतात विलायतेस निघालेल्या टिळकांना कोलंबोहून परत फिरावे लागले. अखेर सप्टेंबरमध्ये त्यांनी मुंबई सोडली. २९ जानेवारी १९१९ रोजी न्या. डार्लिंग व विशेष ज्यूरी यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, तर चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन उभे होते. मुंबई सरकारने प्रतिवादीस कागदपत्रे आणि अधिकाऱ्याचे साहाय्य पुरविले.

प्रतिवादीचा बचाव मजकूर सत्य असल्याचा होता. अशा दाव्यात वादी स्वतःची कीर्ती न्यायालयापुढे ठेवतो आणि तिची छाननी करण्याचा अधिकार प्रतिवादीला मिळतो. कार्सन यांनी त्याचा पुरता लाभ घेतला. टिळकांच्या उलटतपासणीत केसरीतील अनेक वर्षांचे लेख इंग्रजी भाषांतरांतून वाचले गेले. कोल्हापूर आणि राजद्रोहाच्या शिक्षा ज्यूरीपुढे आल्या. मराठी मजकुरातील उपरोध आणि पौराणिक दाखले परभाषेत भलताच अर्थ घेऊन अवतरत. पुरावा एका विशिष्ट आरोपाचा आणि विचार साऱ्या राजकीय जीवनाचा, असे खटल्याचे स्वरूप झाले. नुकतेच महायुद्ध संपलेले, न्यायाधीशांचा कल लपून राहिलेला नाही, आणि वादी राजद्रोहासाठी दोनदा शिक्षा झालेला. अशा स्थितीत इंग्रज ज्यूरीविषयीची टिळकांची अपेक्षा कितपत व्यवहार्य होती, याविषयी त्यांच्या चाहत्यांतही मतभेद आहेत.

२१ फेब्रुवारी १९१९ रोजी ज्यूरीने चिरोल यांच्या बाजूने निर्णय दिला आणि दाव्याचा खर्च टिळकांवर पडला. ज्या ताई महाराज प्रकरणात साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने चार वर्षांपूर्वी त्यांची साक्ष ग्राह्य धरली होती, त्याविषयीच्या मजकुरावरही त्यांना भरपाई मिळाली नाही. दोन्ही निकालांत तांत्रिक विरोध नाही. प्रिव्ही कौन्सिलने दत्तकविधान ठरविले होते, तर ज्यूरीने एका पुस्तकातील विधानांचे उत्तरदायित्व. तथापि सामान्य वाचकाला यातील विसंगती जाणवल्यावाचून राहत नाही.

एकूण खर्च लाखांच्या घरात गेला. तो भरून काढण्यासाठी महाराष्ट्रात व बाहेर वर्गणी गोळा करण्यात आली. टिळकांनी इंग्लंडमधील उर्वरित महिने मजूर पक्षातील नेत्यांच्या भेटी, व्याख्याने आणि संयुक्त पार्लमेंटरी समितीपुढील साक्ष यांत घालविले. नोव्हेंबर १९१९ मध्ये ते मुंबईस परतले.

मृत्यू आणि स्मारक

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईतील सरदारगृह येथे टिळकांचे निधन झाले. न. चिं. केळकर यांनी लिहिलेल्या त्यांच्या विस्तृत चरित्रात न्यायालयीन प्रकरणांना मोठी जागा दिली आहे. केळकर स्वतः एल्एल.बी. असल्याने ही प्रकरणे त्यांनी कायद्याच्या बारकाव्यांसह मांडली आहेत.

१९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांच्या हस्ते, टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झालेल्या दालनाबाहेर स्मृतिफलक बसविण्यात आला. त्यावर शिक्षा ऐकल्यानंतर त्यांनी काढलेले उद्गार कोरलेले आहेत. डोंगरी, येरवडा आणि मंडाले ही ठिकाणे टिळकांच्या चरित्राशी कायमची जोडली गेली. लातूरच्या कारखान्याची आणि औरंगाबादच्या दत्तकविधानाची स्मृती मात्र मराठवाड्यात फारशी उरलेली नाही.